खोकला नव्हता तरी टीबी कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला गर्भपिशवीच्या-नळ्यांच्या टीबीमुळे मूल होत नव्हतं हे सांगितलं की समोरची बाई हमखास विचारते, अगं पण तुला खोकला कुठे होता, मग टीबी कसा? परवा हळदीकुंकवाला पण दोघींनी विचारलं.

खोकला नव्हताच. ताप नाही, वजन उतरलं नाही, छातीचा एक्सरे एकदम क्लिअर. फक्त पाळी कमी झालेली, चार दिवसांची दीड-दोन दिवसांवर आली, तेही नुसते डाग, आणि मला वाटलं बरंच झालं, त्रास वाचला.

जंतू जातो श्वासातूनच, फुफ्फुसात. तिथे शरीर त्याला दाबून ठेवतं, पण थोडे जंतू रक्तातून दुसरीकडे जाऊन बसतात आणि कितीतरी वर्षांनी उठतात, बाईच्या अंगात बऱ्याचदा गर्भनलिकांमध्ये. नळ्या आतून सुजतात, चिकटतात, पुढे गर्भपिशवीच्या अस्तरापर्यंत पोचतं, आणि हे सगळं होताना दुखेलच असं नाही. माझ्या आजोबांना टीबी होता, मी सात वर्षांची, त्यांच्या अंथरुणाशेजारी झोपायचे गोष्टी ऐकत. तिथूनच आला असं छातीठोक नाही सांगता येत, पण डॉक्टरांनी घरात कुणाला होता का विचारलं तेव्हा पहिले तेच आठवले.

ह्यांची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात झाली, नॉर्मल. (ती आधी करा, सोपी असते, बाईला दोन-दोन वर्षं गोळ्या देऊन मग नवऱ्याची टेस्ट करणारी घरं मी पाहिलीयत आणि मला फार राग येतो.) मग माझी एचएसजी, म्हणजे पाळी थांबल्यावर पिशवीत डाय सोडून एक्सरे काढतात, डाय नळ्यांतून पलीकडे सांडला तर नळ्या उघड्या. माझा कुठेच सांडला नाही.

आता जे सांगते ते नीट ऐका कारण माझं एक वर्ष यात गेलं. २०१८ मध्ये एका हॉस्पिटलात पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढला, बायोप्सी, आणि अख्खा तुकडा एकाच बाटलीत, फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनात, टाकून लॅबला दिला. रिपोर्ट आला, टीबीची लक्षणं नाहीत. आम्ही निश्चिंत. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरबाईंनी तो कागद बघितला आणि विचारलं, कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, ती कुठंय? फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात हो, मग वाढवून बघणार काय! कल्चर आणि सीबीनॅटसाठी (मशीनवर टीबीच्या जंतूचा डीएनए शोधतात ती तपासणी) तुकडा साध्या सलाईनमध्ये द्यावा लागतो, फॉर्मेलिनची बाटली फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. म्हणजे दोन बाटल्या. आणि तुकडा काढायचा पाळी यायच्या अगदी आधी, कारण अस्तर दर महिन्याला गळून जातं, जंतू सापडायचा चान्स शेवटीच जास्त. दुसऱ्यांदा तसं केलं, सहा आठवडे कल्चरची वाट बघितली, आणि आला पॉझिटिव्ह. उलट पण सांगते, नुसता पीसीआर (ही पण जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच औषधं सुरू करू नका, तो मेलेल्या जंतूचे अवशेषही पकडतो, बाकीच्या तपासण्यांशी जुळतंय का ते विचारा.

औषध सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते, तेव्हा महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झालेत. लघवी केशरी होते, घाबरू नका, औषधाचाच रंग तो. घरात माझं ताट-वाटी वेगळं काढलेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. फुफ्फुसात नसेल तर तो श्वासातून कुणाला लागत नाही, हे सासूबाईंना डॉक्टरबाईंनीच समोर बसवून सांगितलं तेव्हा ताट परत सगळ्यांच्यात आलं.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज, औषध झालं की नळ्या उघडतील. जंतू मरतो, पण पडलेला व्रण तसाच राहतो. माझ्या बंद नळ्यांत पाणी साठलेलं, ते पिशवीत झिरपलं तर गर्भ टिकायला अडचण, म्हणून दुर्बिणीतून दोन्ही नळ्यांना क्लिपा लावल्या आणि मग आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून पिशवीत सोडतात ते. नळ्याच बंद करून घ्यायच्या म्हटल्यावर मी रात्रभर रडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आयव्हीएफ मुळात निघालंच तुझ्यासारखीसाठी, १९७८ ला इंग्लंडात पहिली टेस्ट ट्यूब बेबी झाली तिच्या आईच्या नळ्या बंदच होत्या. टीबीने अस्तर फार खराब केलं असेल तर आयव्हीएफलाही यश येईलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. माझं अस्तर वाचलं होतं. पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यात २०२२ ला मुलगी झाली.

माझ्या आत्तेबहिणीची बायोप्सी येत्या गुरुवारी आहे, पाळी तिचीही अशीच कमी झालीये. काल फोनवर तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, एक फॉर्मेलिन, एक सलाईन.