वरची फळी

सांगलीत जुलै उजाडला की रस्त्यात भेटलेली दोन माणसं एकमेकांना "कसं काय?" म्हणत नाहीत, "किती फूट?" म्हणतात. कशाचे फूट, ते सांगावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. कोयनेचे दरवाजे किती उचलले, वारणा फुगलीय का, अलमट्टीतून पुढे किती सोडतायत, हे गावभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आमच्या घरात या फुटांचा आणखी एक उपयोग झाला. पुस्तकांचं कपाट त्यांच्या हिशेबानं लागलं.

२००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या सोप्यात ते फूटभर चढलं आणि कपाटाची तळातली फळी भिजली. ओसरल्यावर वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, तारीख घातली आणि दोन दिवस खाली बसून पाच फळ्यांचं कपाट नव्यानं लावलं. लेखकवार नाही, विषयवार नाही. 'गेलं तर गेलं' ते खाली, 'जाता कामा नये' ते वर. बस्स.

त्या दिवसापासून आमच्या कपाटात लपवण्यासारखं काही उरलं नाही. एरवी पाहुणा आला की आपण चहा टाकायला आत जातो आणि तो मान वाकडी करून पुस्तकांचे कणे वाचत उभा राहतो. पुस्तकं बघून माणूस जोखायची ही जुनी रीत आहे, आणि तिला फसवणंही तितकंच सोपं. सोनेरी अक्षरांचे खंड डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचे, की झालं. अण्णांनी तेच खंड तळाला घातले. हप्त्यांवर घेतलेले, दहाच्या दहा. त्यांच्यावर दिवाळी अंकांचे गठ्ठे. त्यावर माझी कॉलेजची क्रमिक पुस्तकं, जी मी 'कधीतरी लागतील' म्हणून तीस वर्षं सांभाळली आणि जी कधीही लागली नाहीत. चौथ्या फळीवर नाटकं. सांगलीच्या घरात नाटकं इतक्या वर असायचीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं पहिला खेळ केला, त्याचा अभिमान आम्ही अजून भाडेकरूलाही ऐकवतो. आणि पाचव्या फळीवर, सगळ्यांत उंच, दोनचार कवितासंग्रह, औदुंबरच्या संक्रांतीच्या संमेलनात घेतलेली काही पातळ पुस्तकं, आणि कोपऱ्यात, कणा भिंतीकडे केलेलं एक.

त्या भिंतीकडे तोंड केलेल्याचं नंतर सांगतो.

अण्णा गेले. २०१९ चा ऑगस्ट आला. पाणी ५० वर गेलं तरी आम्ही निवांत, कारण भिंतीवर रेघ होती ना. त्याच्या वर पाणी जात नसतं, असं सगळी गल्ली म्हणत होती. शेवटी रात्री कपडे आणि कागदपत्रं घेऊन विश्रामबागेत बहिणीकडे गेलो. आयर्विनला ५७ फूट झालं. आठवड्यानं दार ढकलून आत आलो तेव्हा भिंतीवर नवी रेघ होती, चिखलाची, अण्णांच्या रेघेहून चार फूट वर. चार फळ्या गेल्या होत्या. पाचवी कोरडी.

ओली पुस्तकं वाळवणं हे अतिशय कंटाळवाणं काम आहे. गच्चीवर गोणपाट अंथरायचं, पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे, दर दोन तासांनी ते बदलायचे. उन्हात ठेवलं तर पान कडक होऊन वाकतं, सावलीत ठेवलं तर बुरशी धरतं. पण या कामात पुस्तकं जशी हाताखालून जातात तशी वाचताना कधी जात नाहीत. पहिला धडा असा मिळाला की महाग पुस्तकं आधी मरतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर रंगीत चित्रं छापलेली जी काही होती, ती वाळताना पानाला पान चिकटून विटेसारखी झाली. सुरी घातली तरी उघडेनात. साध्या खरखरीत कागदावरची नाटकं मात्र फुगली, पिवळी पडली आणि वाचली.

दुसरा धडा अण्णांच्या अक्षराचा. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते शाईच्या पेनानं झोकात सही करायचे, खाली तारीख आणि गाव. त्या सगळ्या सह्या विरघळल्या. पानापानावर नुसता निळा ढग. पण आत, समासात, पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं होतं, ते जसंच्या तसं. पेन्सिलीला पाणी काही करत नाही, हे मला पन्नाशीत कळलं. एका नाटकात नायकाच्या लांबलचक त्यागाच्या भाषणाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "खोटं!" पुढच्या अंकात पुन्हा "खोटं!" आणि तिसऱ्या अंकात नायिका बोलते तिथं नुसती उभी रेघ, आणि "हिला विचारलं कुणी?" आयुष्यभर आईला न विचारता घरातला प्रत्येक निर्णय घेणारा हा माणूस. ते पान हातात धरून मी गच्चीवर बराच वेळ उभा राहिलो. बायको खालून ओरडली, पेपर बदललेत का.

खंडांचं म्हणाल, तर दहापैकी आठ खंडांत पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नव्हता. दोन-तीन पानं तर छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच होती. अण्णांनी त्यांना तळाला का घातलं, ते तेव्हा समजलं.

आईचं पुस्तक कपाटात नव्हतंच. ते स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, छताजवळ. त्याला पुराचा थेंबही लागला नाही. पाककृतींचं, कव्हर गेलेलं. ते टेबलावर ठेवून हात सोडला की आपोआप एका पानावर उघडतं. तिथं खव्याच्या पोळ्या आहेत आणि हळदीचं बोट उमटलेलं आहे. हळदीच्या गावात आणखी काय उमटणार!

पूर ओसरल्यावर मुलीनं मला ॲमेझॉनचं किंडल, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, आणून दिलं. "बाबा, आता काही भिजणार नाही." खोक्यावरचं वाचून दाखवलं: दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर राहिलं तरी चालतं. म्हटलं, कृष्णामाई आमच्याकडे आठवडाभर मुक्कामाला असते. पण यंत्र मला आवडलं, हे कबूल करतो. अक्षर मोठं करता येतं, रात्री दिवा लागत नाही, आणि एका हातात मावतं. हे अमेरिकेत २००७ साली आलं, तरी मराठी पुस्तकं त्यावर यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. तेवढा उशीर आपल्याला चालतो.

गंमत वेगळीच आहे. मी कोणतं पुस्तक किती टक्क्यांवर सोडलं, हे ते मला तोंडावर सांगतं. अण्णांचे सोनेरी खंड यात असते तर प्रत्येकापुढे एक टक्का दिसला असता. म्हणजे कपाटापेक्षा हे जास्त खरं बोलतं म्हणायचं. फक्त पाहुण्यापुढे बोलत नाही, कंपनीच्या कानात बोलतं. माझ्या हातात काय आहे ते समोर बसलेल्याला कळत नाही. गुन्हेकथा असो की ज्ञानेश्वरी, राखाडी पाटी तीच. इंग्रजी पुस्तक उघडलं की काही ओळींखाली तुटक रेघ येते आणि इतक्या जणांना ही ओळ आवडली, असा आकडा. शेकडो, कधी हजारो. मी त्या गर्दीत अण्णांचं ते एक "खोटं!" शोधत राहतो. आणि दोन्हींच्या उघडण्यात फरक आहे. यंत्र जिथं शेवटचं वाचलं तिथं उघडतं. कागदाचं पुस्तक जिथं सर्वांत जास्त वेळा वाचलं तिथं.

शिवाय पूर फक्त पाण्याचाच येतो असंही नाही. २००९ च्या जुलैत ॲमेझॉननं हक्कांच्या भानगडीत काही ग्राहकांच्या किंडलवरून ऑरवेलचं '१९८४' परस्पर काढून घेतलं. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण रात्री असलेलं पुस्तक सकाळी नाही, आणि भिंतीवर रेघसुद्धा नाही!

२०२१ च्या जुलैत पुन्हा फूट मोजायची वेळ आली. या खेपेला कुणी रेघेवर विसंबलं नाही. ४० झाल्याबरोबर मी शिडी लावली, बायको खालून पुस्तकं देणार आणि मी माळ्यावर चढवणार, असं ठरलं. किंडल सदऱ्याच्या खिशात होतं. त्याला वाचवण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे त्याची आठवणही झाली नाही. मुलगी मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. तिला बघायचं होतं, बाबा आधी काय उचलतात.

मी हात घातला तो वरच्या फळीच्या कोपऱ्यात. भिंतीकडे तोंड केलेलं पुस्तक निघालं. मुलीनं ते सरळ करून बघितलं. आत साताऱ्यातल्या एका वाचनालयाचा जांभळा शिक्का, चिकटवलेली चिठ्ठी, 'चौदा दिवसांत परत करावे', आणि शेवटची तारीख १९८८ ची. तेव्हा मी तिथं शिकायला होतो.

"बाबा! आजोबांच्या कविता सोडून हे?"

"लोकाची वस्तू आहे," मी म्हटलं. "धर, आधी ती वर टाक."