नारळाचं झाड अन् फवारणीचा पंप

आज रविवार असूनही क्लास घेतला, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा तोंडावर आलीये अन् पोट्ट्यांचं स्मरणचित्र अजून रडतंच आहे. विषय दिला होता शेतात काम करणारी माणसं. तासाभरानं फिरून बघते तर बहुतेक कागदांवर दोन डोंगर, मधातून सूर्य, झोपडी अन् तिच्या बाजूला वाकडं नारळाचं झाड. नारळ! आमच्या यवतमाळकडच्या घाटंजीत शेतात नारळ कुठून आला बाप्पा? एका पोरीला विचारलं, तुमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणतं झाड आहे गं, तर म्हणे पळस आहे मॅडम, बाभूळ आहे, एक मोठा कडुनिंब आहे. मग तो काहून नाही काढला? तर म्हणते, "तो चित्रात चांगला नाही दिसत."

रागावणार होते पण रागवायचं तोंड कुठं आहे मला. सकाळीच पुण्याच्या एका ताईंची ऑर्डर आलीये, हॉलमध्ये लावायला "गावाकडचं" चित्र पाहिजे, संध्याकाळची बैलगाडी, डोक्यावर घागर घेतलेली बाई, वगैरे. सोबत रेफरन्स म्हणून एआयनं बनवलेला फोटो पाठवला. रंग एकदम झकास, पण जू बैलाच्या मानेवर नाही तर थेट पाठीवर ठेवलेलं, जुवाच्या खुंट्या म्हणजे शिवळा नाहीत, वेसण नाही, कासरा गाडीवाल्याच्या हातातून निघून कुठंच जात नाही. अशी गाडी दहा पावलं चालली तर मी चित्रकला सोडून देईन. अन् मागं नारळाची झाडं आहेतच, ती कशी सुटतील. पैसे मात्र चांगले देत आहेत त्या अन् घरात पैशाचं काम आहे, त्यामुळं नाही म्हणायची सोय नाही.

जेवण झाल्यावर स्केचबुक घेऊन धुऱ्यावर जाऊन बसले. सध्या हवा अशी दमट आहे की कागद ओलसर लागतो, पेन्सिल धरत नाही, घासून धरली तर रेघ जाड अन् मेणचट येते, अन् खोडायला गेलं की कागदाचे रोवे उठतात. वॉटरकलरचं तर नावच नको, आता पातळ रंगाचा एक थर, म्हणजे वॉश, वाळायला अर्धा दिवस अन् मे महिन्यात ब्रश पुढं सरकायच्या आधी मागची कड सुकून बसते. वर्षभरात रंगवायला धड महिने असतात ते थंडीचे, अन् तेव्हा घरचे सगळे कापूस वेचणीला बोलावतात.

शेजारचे काका पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारणी करत होते. पाठीवर निळा पंप, तोच सोळा लिटरवाला, तोंडाला दुपट्टा बांधलेला. मी आधी उभा माणूस काढला अन् मागून टाकी चिकटवली, तर ते दप्तर घेतलेल्या शाळेच्या पोरासारखं दिसायला लागलं. वजनच नव्हतं. सोळा लिटर म्हणजे पाण्याचेच सोळा किलो, टाकीचं वेगळं, एवढं पाठीवर असल्यावर माणूस सरळ उभा राहूच शकत नाही. मग पाठीची रेघ आधी टाकली, कमरेपासून पुढं कललेली, मान त्याच्याही पुढं. पट्टा खांद्यावर असतो असं आपण म्हणतो, खरं तर तो खांद्यात रुततो अन् सदऱ्याच्या चुण्या त्या एका जागेकडं ओढल्या जातात. डावा हात दांडा खालवर करतोय त्यामुळं डावा खांदा सतत हलता, उजवा नळी धरून स्थिर. हे कळलं तेव्हा कुठं चार-पाच रेघांत काका उभे राहिले, चेहरा न काढता. चेहरा नव्हताच म्हणा दिसत.

टाकी संपल्यावर काका आले. "काय करून राह्यली वं पोरी?"

"तुमचं चित्र काढून राह्यली काका."

"माह्यं काय काढतं! तोंड बांधून आहे मी. सांजच्याला घरी ये, धोतर-टोपी घालून बसतो."

म्हणजे काकांचंही तेच, चित्रात चांगलं दिसलं पाहिजे.

पण मला हाच माणूस काढायचाय. 2017 च्या सीझनला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी खूप उंच वाढली होती अन् फवारा वरून तोंडावर, अंगावर यायचा, असं एक कारण तेव्हा सांगत होते. म्हणून मी आता पऱ्हाटीची उंची नीट मोजून काढते, माणसाच्या कमरेला आहे की छातीला. चित्रात ती इंचभर इकडंतिकडं झाली की अर्थ बदलतो. पुण्याच्या हॉलमध्ये हे कुणी लावणार नाही, माहीत आहे.

मागं सेवाग्रामला गेले होते तेव्हा बापू कुटीची भिंत खूप वेळ बघत बसले होते. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीच्या लिंपणातच उठावाचं काम केलंय, ताडाची झाडं अन् चरखा. आज आपण चरखा बघितला की हात जोडतो, पण त्या घरात तेव्हा तो रोजच्या वापरातली वस्तू होता, सकाळी उठून चालवायचा. झाडंही तिथलीच. मग आमच्या काळातला पंप काहून नाही काढायचा? निळं प्लास्टिक आहे म्हणून? रंग तर इतका भारी आहे की हिरव्या पऱ्हाटीत तोच पहिले डोळ्यात भरतो.

ताईंची ऑर्डर घेतली आहे. बैलगाडी काढीन, पण आमच्याकडची लोखंडी बंडी, जू मानेवर, अन् मागं पळस. त्यांना नारळच पाहिजे असेल तर बघू, वाद घालायची ताकद नाही सध्या.

अन् पोट्ट्यांसाठी तांब्या-बाटलीचा तो नेहमीचा सेट बाजूला सारून वस्तुचित्राला पंपच ठेवायचा ठरवलंय. काकांचा नको, वापरलेल्याला औषधाचा वास असतो, पोरं हात लावतील. कृषी केंद्रवाल्या भाऊंना मेसेज टाकला की एक कोरा पंप दोन दिवस द्या. आत्ताच रिप्लाय आला, घेऊन जा मॅडम पण खोक्यासकट परत आणजा अन् पट्ट्याला रंग लागला तर विकत घ्या लागन.