इझाकायात चौघं जण: आधी काय मागवायचं, मागाहून काय

टोकियोत शुक्रवारी संध्याकाळी चार जवळचे मित्र निवांत बसायचं ठरवतात, तेव्हा पाय बहुतेक इझाकायाकडे वळतात. पिणं आणि खाणं दोन्ही मिळतं, छोट्या छोट्या बशा मधे ठेवून सगळ्यांनी मिळून खायचं. टोकियोच्या निशिकासाई भागातल्या मराठी मित्रमंडळात एखादा शाकाहारी असतो, एखादा न पिणारा, एखादा सगळं खाणारा, आणि तरी इथे सगळ्यांचं जमतं. फक्त मागवण्याचा क्रम सांभाळावा लागतो. मेन्यू हातात आल्या आल्या पंधरा पदार्थ सांगून मोकळं झालात, की संध्याकाळ अर्ध्या तासात संपते. स्वयंपाकघर जे तयार होईल ते पाठवतं. टेबल लहान असतं, बशांवर बशा चढतात आणि गरम खायच्या गोष्टी गार होतात. टॅबलेटवरून ऑर्डर देताना तर बोट जास्तच सुटतं.

शुक्रवारी जागा आधी राखून ठेवा आणि वेळेची मर्यादा विचारून घ्या. गर्दीच्या दिवशी दोन तासांची अट सर्रास असते. बसायला तातामी, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटया, असतील तर बूट दाराशीच काढावे लागतात, तेव्हा मोजे धड असलेले बरे.

बसल्यावर न मागवता एक छोटी वाटी पुढे येते. ती ओतोशी. उकडलेली भाजी, थोडं सॅलड असं काहीतरी असतं, आणि माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. ही फसवणूक नव्हे, बसण्याचं शुल्क आहे. वाद घालू नका. तोरिकिझोकुसारख्या साखळीत ओतोशी नसते, सगळ्या पदार्थांचा भाव एकच असतो आणि कोबीची बशी एकदा घेतली की पुन्हा पुन्हा भरून मिळते. पहिल्यांदाच जाणाऱ्या गटाला मी तेच सुचवेन.

पहिली फेरी पेयांची, आणि ती लगेच सांगायची. बिअर, हायबॉल म्हणजे सोडा घातलेली व्हिस्की, लेमन सावर म्हणजे लिंबू-सोडा घातलेलं मद्य. न पिणाऱ्याला ऊलाँग चहा. सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत थांबायचं, मग ‘कानपाय’, म्हणजे चीअर्स. याच वेळी झटपट येणारे गार पदार्थ सांगून ठेवा: एदामामेच्या, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगांच्या, दोन बशा, एक हियायाक्को म्हणजे गार तोफू, एक बटाट्याचं सॅलड, आणि मासे खाणारे असतील तर साशिमीची, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांची, एक मिश्र बशी. साशिमी तळणाच्या आधीच खावी, तेलकट तोंडाला तिची चव लागत नाही. तळणात मागवायचं ते कारागे, म्हणजे तळलेलं चिकन. ते गरमच खायचं. लिंबाची फोड सोबत येते, ती विचारल्याशिवाय सगळ्या बशीवर पिळू नका. लिंबाने कुरकुरीत आवरण मऊ पडतं, आणि कित्येकांना ते मुळीच आवडत नाही.

खरी मजा याकितोरीची, म्हणजे काडीवर ओवून भाजलेल्या चिकनची, आणि घोटाळाही तिथेच होतो. चौघांना एका वेळी आठ काड्या पुरेत: चार प्रकार, प्रत्येकी दोन. पाठवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणून पहिली बशी निम्मी संपली की पुढची सांगायची. आधी मीठ लावलेले प्रकार, मग गोडसर तारे सॉसचे; उलट केलंत तर सॉसची चव जिभेवर राहते आणि मिठाचं चिकन फिकं वाटतं. नेगिमा म्हणजे तंगडीचं मांस आणि कांद्याच्या पातीच्या जाड कांड्या आलटून पालटून. सुनागिमो म्हणजे कोंबडीचा पेटा, मिठावरच उत्तम. कावा मात्र नीट बघा. कोंबडीची कातडी घड्या घालून काडीवर ओवलेली असते, मंद भाजताना तिची चरबी ठिबकून जाते आणि कडा कुरकुरीत होतात. आल्यावर पाच मिनिटांत खाल्ली तर उत्तम. गप्पांत राहून गेली, तर उरलेली चरबी थिजते आणि कातडी रबरासारखी चिवट होते. रिकाम्या काड्यांसाठी टेबलावर बांबूचं नळकांडं असतं. सगळं मांस काडीवरून बशीत काढून वाटून घेण्याची पद्धत मला पटत नाही. तुकडे पटकन गार होतात.

शाकाहाऱ्यासाठी खरी अडचण चिकन नाही, दाशी आहे. कोम्बू या समुद्री शेवाळाचा आणि कात्सुओबुशीचा, म्हणजे धूर देऊन वाळवलेल्या माशाच्या कीसाचा, हा अर्क दिसत नाही पण सगळीकडे असतो: आगेदाशी तोफूच्या रसात, दाशीमाकी या अंड्याच्या गुंडाळीत, मिसो सूपमध्ये. हियायाक्कोवर तर तोच कीस वर भुरभुरलेला असतो. ‘कात्सुओबुशी नाशी दे’ असं सांगितलं की वगळतात. बटाट्याच्या सॅलडात बहुधा हॅम निघतं. निर्धास्त मागवता येतं ते एदामामे, टोमॅटोच्या फोडी, मिठावर भाजलेल्या शिशितो मिरच्या आणि शिइताके मशरूम. फ्रेंच फ्राइज अनेक ठिकाणी चिकनच्याच तेलात तळतात, आणि भाज्याही चिकनच्याच जाळीवर भाजल्या जातात. ज्याला तेही चालत नाही त्याला मित्रांनी आग्रह करू नये. त्याच्यासाठी जेवणाची सोय दुसरीकडे आधी करावी.

नोमिहोदाय, म्हणजे ठरावीक वेळात हवं तेवढं पिणं, स्वस्त वाटतं. पण बहुतेक ठिकाणी ते पूर्ण टेबलाने घ्यावं लागतं, शेवटची ऑर्डर अनेकदा वेळ संपायच्या अर्धा तास आधी बंद होते, आणि रिकामा ग्लास परत दिल्याशिवाय नवा मिळत नाही. चौघांत दोघं कमी पिणारे असतील तर ग्लासागणिक पैसे देणंच परवडतं. साके, म्हणजे तांदळाची दारू, घेतलीत तर तोक्कुरी या छोट्या सुरईत एक ‘गो’ म्हणजे १८० मिली येते आणि तिच्यात साधारण १५ टक्के अल्कोहोल असतो. बिअरच्या वेगाने पिऊ नका, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवा. पाणी फुकट मिळतं, मागितलं की देतात. ओतायचं दुसऱ्याच्या पेल्यात. आपला पेला मित्र भरतो.

शेवटी भाताचं काहीतरी: ओनिगिरी म्हणजे भाताचा भाजलेला गोळा, किंवा ओचाझुके म्हणजे चहा ओतलेला भात. ते बिल मागायच्या वीस मिनिटं आधी सांगा, आणि सांगण्याआधी शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघा. बहुतेक मार्गांवर ती मध्यरात्रीच्या आसपास सुटते. मेन्यूवर मोठ्या आकड्यात कराविना किंमत असेल, तर बसून खाण्यावरचा १० टक्के कर धरा. बिलाची चिठ्ठी दाराजवळच्या काउंटरवर न्यायची. तिथे चौघांनी वेगवेगळे पैसे काढत रांग अडवू नये. एकाने भरावेत, बाकीच्यांनी बाहेर पडल्यावर फोनवरून त्याला पाठवावेत. न पिणाऱ्याचा वाटा कमी धरा. टीप ठेवायची नाही, ठेवलीत तर वेटर ती परत द्यायला मागे धावत येतो.