नाव नसलेले तुकडे

बुधवार, रात्री

आज पुन्हा गंगेवरच्या बाजारात कॅसेटवाल्यासमोर उकिडवी बसले होते. नाशकात बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, भाजीपासून कुदळीच्या दांड्यापर्यंत सगळं मिळतं. एका टोकाला मिक्सरची झाकणं, मेलेले मोबाइल आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्या, आणि त्यांच्या शेजारी ताडपत्रीवर कॅसेटींचा ढीग. भजनं, कव्वाल्या, लग्नाची गाणी, डोंगरावरच्या देवीची गाणी. चाचा आता मला ओळखतात. मी वाकायच्या आतच म्हणाले, "ताई, ते नेहरूवालं काही आलेलं नाही."

नेहरूवालं म्हणजे 'भारत एक खोज'. नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वरची श्याम बेनेगलांची १९८८ सालची मालिका, ५३ भागांची. तिचं शीर्षकगीत मला नकोय. ते कुठेही मिळतं. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तावरचं, वसंत देवांनी हिंदीत आणलेलं ते गाणं माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांना आजही तोंडपाठ आहे. मला हवंय ते मधलं. ओम पुरींचं निवेदन थांबतं आणि पडद्यावरची माणसं बोलू लागतात, त्या सांध्यावर जे वाजतं ते. नसीरुद्दीन शहांचा शिवाजी गप्प बसलेला असताना जे वाजतं ते. वनराज भाटियांनी पाच हजार वर्षांच्या इतिहासाला पुरेल एवढं पार्श्वसंगीत दिलं, आणि त्यातलं माझ्या हाती कधी काही सुटं लागलं नाही. जे ऐकलं ते संवादांच्या खाली दबलेलंच.

ढिगात 'मिर्झा गालिब'ची कॅसेट होती. घरी आहे, तरी हातात घेऊन पाहिली. गुलजारांची ती मालिकाही १९८८ चीच, पण तिच्यातल्या जगजित आणि चित्रा सिंगांच्या गझला घराघरांत गेल्या. 'रामायणा'तली रवींद्र जैनांची गाणीही तशीच. मालिकेतलं जे गाता येतं ते बाजारात येतं, असा एक साधा हिशोब दिसतो. ज्याला शब्द नाहीत ते दुकानदाराने मागायचं तरी काय म्हणून? आणि गिऱ्हाइकाने मागायचं कसं? मी आजवर चाचांना जे सांगत आले ते असं: "ते हो, राजा हरल्यावर वाजतं ते." बिचारे मान डोलावतात.

भाटियांबद्दल मला कायम एक चुटपुट वाटते. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेला, पॅरिसला नादिया बुलांजे या नामांकित संगीतशिक्षिकेकडे धडे घेतलेला माणूस मुंबईत येऊन जाहिरातींना चाली लावतो, मग बेनेगलांच्या चित्रपटांना संगीत देतो, 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवतो. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले, वय ९३. बातम्यांमध्ये दोन-चार गाण्यांचे उल्लेख आले. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम गाण्यांत नाहीच. पण ते दाखवायला मी कुणाला काय ऐकवू?

गुरुवार

भाची आली होती, कॉलेज रोडवरून थेट, हातात चिवड्याचा पुडा. तिला कालचं सांगितलं तर म्हणाली, "मावशी, तुझं हे ट्विन पीक्सच्या लोकांसारखं झालंय."

ती मालिका मला तिनेच दाखवली. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर एप्रिल १९९० मध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये संपली. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची. एका गावात एका मुलीचा खून होतो आणि मग सगळं गावच हळूहळू विचित्र दिसू लागतं. मला गोष्ट अर्धीच कळली, हे मी भाचीला कबूल केलेलं नाही. पण अँजेलो बादालामेंटी यांचं संगीत पहिल्या भागापासून अंगात भिनलं. लॉरा पामरची जी मुख्य धून आहे, ती कशी सुचली ते बादालामेंटींनी स्वतः सांगितलंय. ते कीबोर्डवर बसले होते आणि लिंच शेजारी बसून सांगत होते: अंधारं रान आहे, वारा आहे, घुबड आहे, आता झाडांमागून एक एकटी मुलगी येतेय. ते बोलत गेले तसा हात चालत गेला. दिग्दर्शक बोलतोय आणि संगीतकार त्याच्या बोलण्याला साथ करतोय, म्हणजे जुगलबंदीच झाली की.

पण भाची म्हणत होती ते पुढचं. मूळ मालिका ३० भागांची आणि १९९० मध्ये आलेल्या अल्बममध्ये तुकडे फक्त ११. चाहत्यांना ठाऊक होतं की यापेक्षा कितीतरी जास्त रेकॉर्ड झालंय, कारण कान ते ओळखत होते. तीच धून कुठे नुसत्या बासवर, कुठे नुसत्या क्लॅरिनेटवर. संगीत संपादकांनी बादालामेंटींचे तुकडे कापून, जोडून, एकावर एक ठेवून प्रसंगांना लावले होते. एक युक्ती तर मला फार आवडली: वाद्यवृंदाची टेप निम्म्या वेगाने चालवायची. सूर एक सप्तक खाली जातात, लय निम्मी होते, आणि व्हायोलिनं व्हायोलिनं राहतच नाहीत. जिन्याकडे नुसता कॅमेरा बघतोय आणि आपल्या पोटात गोळा येतोय, तो या टेपेमुळे.

हे सगळं लोकांनी वर्षानुवर्षं मागितलं. दुसऱ्या हंगामाच्या संगीताचा अल्बम आला २००७ मध्ये, मालिका संपून सोळा वर्षांनी. मग २०११-१२ मध्ये लिंच यांनी आपल्या संकेतस्थळावर कपाटच उघडलं. थोडे थोडे करत दोनशेहून अधिक तुकडे, कितीतरी तासांचं संगीत. निम्म्या वेगाचेसुद्धा! आणि त्यांना नावंही दिलेली. हे काम लिंच यांच्या स्टुडिओतले डीन हर्ली यांनी निस्तरलं. टेपा शोधायच्या, ऐकायच्या, कोणता तुकडा कुठे वाजला ते लावायचं, चिठ्ठी डकवायची.

बादालामेंटी २०२२ च्या डिसेंबरात गेले, त्यांची धून गाणाऱ्या जूली क्रूझ त्याच वर्षी जूनमध्ये, आणि लिंच २०२५ च्या जानेवारीत. कपाट वेळेवर उघडलं म्हणायचं.

शनिवार

आज दुपारभर प्रयोग. भाचीच्या लॅपटॉपवर आवाज वेगवेगळे करणारं सॉफ्टवेअर आहे. गाण्यातून गायकाचा आवाज काढून नुसता वाद्यमेळ ठेवतं. ती म्हणाली, "तुझ्या 'खोज'मधून संवाद काढून टाकूया." यूट्यूबवरचा एक भाग घेतला. मी चहा टाकून येईपर्यंत झालंसुद्धा.

माणसं गेली, हे खरं. पण जे उरलं ते ऐकवत नव्हतं. तंतुवाद्यं पाण्याखाली बुडवल्यासारखी, आणि बोलणाऱ्याच्या 'स'चे शिंतोडे जागोजागी. तेही चाललं असतं. खरी अडचण वेगळीच होती. संगीत मध्येच खाली बसायचं, मध्येच उठायचं. थोड्या वेळाने लक्षात आलं की हे सॉफ्टवेअरचं काम नव्हे. मिक्सिंग करताना पात्र तोंड उघडतं तिथे संगीताची पट्टी खाली ओढलेली असते आणि वाक्य संपलं की वर. संवाद काढून टाकला तरी तो खड्डा तिथेच राहतो. म्हणजे न दिसणारा माणूस अजून बोलतोय आणि वाद्यं त्याला अदबीने वाट देतायत. तो खड्डा कुठलंही यंत्र भरून काढणार नाही. काढलंच तर ते यंत्राचं संगीत असेल, भाटियांचं नव्हे. भाचीचं मत वेगळं. ती म्हणते दोन वर्षांत हेही जमेल, आणि तुला फरक कळणारही नाही. फरक न कळणं हीच मला भीती वाटते, असं मी म्हणाले तेव्हा तिने डोळे फिरवले.

आई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. तिची मागणी सोपी. "तुमचं ते घुबडाचं राहू दे, मला 'आभाळमाया'चं गाणं लाव." अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि मग म्हणाली की यात ते नाही, मधे मधे वाजायचं ते, घरात काही वाईट झालं की. घ्या! म्हणजे आईचं दुखणंही माझंच निघालं.

दादाला फोन केला. आमच्याकडे 'खोज'च्या वेळी दादा टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा. एक कॅसेट अजून त्याच्याकडे पुण्याला आहे, चालते की नाही माहीत नाही. तिच्यावर अण्णांचा आवाजही आहे, "आवाज कमी करा रे" म्हणताना, आणि लगेच टीव्ही बारीक होतो. मिक्सिंगवाल्याने काय पट्टी ओढली असेल, तशी अण्णांनी ओढली. दादा म्हणाला, "काय करणार आहेस त्या भंगाराचं?"

भंगार कसं? बीबीसीने आपल्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेच्या जुन्या भागांच्या टेपा साठ-सत्तरच्या दशकांत पुसून टाकल्या. चित्र हरवलं. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, कारण घरोघरच्या पोरांनी तो टीव्हीवरून टेप करून ठेवला होता. हे दादाला सांगितलं तर गप्प झाला. कॅसेट कुरिअर करतो म्हणाला. (करेल तेव्हा खरं. आईचा चष्मासुद्धा तिकडेच आहे.)

रविवार

सकाळी पांडवलेण्यांवर चढले. पायऱ्यांवर गर्दी, अर्धं शहर वजन कमी करायला आलेलं. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचा. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. तो अजून वाचता येतो, आणि मी १९८८ ची टेप शोधत फिरतेय. आईने मुलाचं काम दगडात कोरून घेतलं म्हणून टिकलं. संगीतकाराचं काम कुणी कोरून घ्यायचं?

खाली उतरून फाळके स्मारकात बसले. दादासाहेबांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, कंपनी नाशकात, मृत्यूही नाशकात, १९४४ साली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, चार रिळांचा. त्यातली पहिली आणि शेवटची रीळ आज पाहायला मिळते. तेवढी तरी मिळते याचं श्रेय पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाला. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्यांनी उभं केलं आणि फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे मिळतील तिथून गोळा केले. त्यांना मोठा कलावंत कुणी म्हणणार नाही. ते कोठावळे होते. कुठल्या डब्यात काय आहे हे ज्याला माहीत असतं आणि जो डबा फेकू देत नाही, तो.

चाहते मंडळी कायम मागतात ते चुकीच्या माणसाकडे, असं मला वाटू लागलंय. दिग्दर्शकाकडे मागतात, वाहिनीकडे मागतात, संगीतकाराच्या नावाने गहिवरतात. ट्विन पीक्सवाल्यांचं नशीब असं की दिग्दर्शकच हट्टी होता आणि त्याच्या पदरी कोठावळा होता. आपल्याकडे दूरदर्शनच्या मालिकांच्या टेपा, निर्मात्यांचे करार, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ हे सगळं तीन ठिकाणी, आणि बरेचसे स्टुडिओ तर आता उरलेलेच नाहीत. हक्क कुणाचे यावर वकिलांना बसू दे. आधी टेप आहे का आणि तिच्यावर काय लिहिलंय, एवढं पाहणारा माणूस हवा. पगारी. सेवाभावी नको, सेवाभावी माणूस दिवाळीला गावी जातो तो परत येत नाही.

संध्याकाळी मागणीची यादी लिहायला घेतली. प्रसार भारतीला पाठवायची. उत्तर येईल या आशेवर नव्हे, पण कुठेतरी आवक नोंद होईल.

'भारत एक खोज'चं पार्श्वसंगीत, संवादाविना, जसं रेकॉर्ड झालं तसं. 'ब्योमकेश बक्शी'मधलं आनंद शंकर यांचं संगीत. हे उदय शंकरांचे चिरंजीव, १९७० मध्ये सतार आणि 'मूग' नावाचा इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझर एकत्र वाजवून जगाला चकित करणारे, आणि आपण त्यांना ओळखतो ते बासु चटर्जींच्या धोतरवाल्या गुप्तहेरामुळे. 'मालगुडी डेज'चं एल. वैद्यनाथन यांचं. ती गुणगुण सगळ्यांच्या फोनवर वाजून गेली, पण स्वामी आणि त्याच्या मित्रांच्या मागे जे हलकंसं वाजत राहायचं ते सुटं ऐकायचंय. आईची 'आभाळमाया' दूरदर्शनची नव्हे, तरी तिच्या समाधानासाठी शेवटी लिहिली.

मग अटी. अर्धवट तुकडे चालतील. चुकलेले टेक चालतील, वादकाचं खोकणं चालेल. तीस सेकंदांचा तुकडा असेल तर तीस सेकंदच द्या, ओढून तीन मिनिटांचा करू नका. नव्या गायकांकडून गाऊन घेऊ नका, खाली ड्रम घालू नका. आणि नावं नसतील तर 'भाग १७, तुकडा ४' एवढं पुरे, पण आकडा घाला.

टाइप करायला भाचीकडे पाठवली. तासाभरात परत आली, शुद्धलेखन सुधारून. आईच्या 'आभाळमाये'च्याही खाली तिने एक कलम वाढवलंय: वरील सर्व संगीत निम्म्या वेगानेही उपलब्ध करून द्यावे. खोडणार होते. मग म्हटलं राहू दे, आवक कारकुनालाही काहीतरी विरंगुळा हवा.