तुम्ही विचारलंत म्हणून: सकाळी पळत्या पोराला खायला काय देते

जिन्यात भेटलं की, नाहीतर गिरणीत दळण टाकताना, आमच्या बिल्डिंगमधल्या आया मला एकच विचारतात, "ताई, तुमचं पोरगं साडेसहाला क्लासला पळतंय, मग सकाळी खातंय काय? आमचं तर नुसतं चहावर जायलंय." सगळ्या माझ्यासारख्याच, कुणी नांदेडकडची, कुणी बीडची, मी गंगाखेडकडची, लातूरला खोली करून अकरावी-बारावीचं लेकरू सांभाळत बसलेल्या. जिन्यात उभं राहून पुरं सांगणं होत नाही म्हणून इथं नीट लिहिते.

आमचंही पहिले दोन महिने चहा-खारीच होतं. मग एक दिवस नऊच्या सुमारास क्लासमध्ये त्याला चक्कर आली, मित्रांनी रिक्षात घालून आणलं, हात गार पडलेले, मी तर घाबरूनच गेले. डॉक्टरांनी तपासलं, बाकी काही नव्हतं, पण त्यांनी विचारलं की रात्री जेवला कधी आणि सकाळी खाल्लं काय, आणि मला तोंड वर करून उत्तर देता येईना. रात्री साडेदहाला जेवण, सकाळी खारी, त्यावर तीन तास फिजिक्स. सोळा-सतरा वर्षांचं, अजून उंची वाढायलेलं लेकरू हे.

त्या दिवसापासून पहिला बदल केला तो नाश्त्यात नाही, रात्रीच्या जेवणात. साडेदहाचं जेवण नऊवर आणलं. उशिरा पोटभर जेवलेल्या पोराला पावणेसहाला भूक लागतच नाही ओ, आपण उगाच म्हणतो नखरे करायलाय. आठ-दहा दिवसांत तो स्वतःहून डब्याची झाकणं उघडून बघायला लागला. हे आधी करा, नाहीतर पुढचं सगळं केलेलं वाया जातं.

आता पदार्थांचं. आमच्याकडे सगळ्यात जास्त होतो तो सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता. मराठवाड्यातल्या बाईला सुशीला काय सांगायचा, पण घाईच्या सकाळी तो सात-आठ मिनिटांत कसा होतो ते सांगते. कांदा-मिरची रात्रीच चिरून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची. फुटाणा डाळीची पूड आणि शेंगदाण्याचा कूट रविवारी करून बरण्या भरायच्या, आठवडाभर बघायला नको. सकाळी मोहरी-जिरं-कढीपत्त्याची फोडणी, त्यात अख्खे शेंगदाणे आणि कांदा परतेपर्यंत तिकडं मुरमुरे पाण्यातून काढून पिळायचे, लगेच पिळायचे हं, ठेवले की लगदा होतो. मग हळद-मीठ, डाळीची पूड, कूट, वरून लिंबू. नुसत्या मुरमुऱ्यानं पोट टिकत नाही, तासाभरात परत भूक, म्हणून शेंगदाणे आणि डाळीच्या पुडीत कंजूषी करू नका. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण 25 ग्रॅम प्रोटीन असतं, आणि आपल्याकडं शेंगदाणा कुणाच्या घरात नाही?

ज्या दिवशी सात मिनिटं पण नसतात त्या दिवशी शिळी भाकरी. माझी माय शेतात जायच्या आधी हेच खायची, शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा, त्यात दही, बारीक कांदा, शेंगाची चटणी, हातानं कालवायचं, संपलं. लेकराला आधी लाज वाटायची की हे काय गावाकडचं, आता दोन मिनिटांत वाटकं रिकामं करतो. रात्री एक भाकरी जास्तीची थापायला आपल्याला काय लागतंय.

धपाटे बऱ्याचजणी करतात पण सकाळी करायला जातात आणि मग पळापळ होते. मी रात्रीच करते, ज्वारीचं पीठ, थोडं गव्हाचं, थोडं बेसन, तीळ, मेथी नाहीतर कोथिंबीर. सकाळी तव्यावर नुसतं गरम करून आतून शेंगाची चटणी लावून गुंडाळी करायची, ती हातात धरून सायकलीपर्यंत जाता जाता पण खाता येते. पेपरात गुंडाळू नका, शाई लागते, धुतलेला सुती रुमाल बरा. एप्रिल-मेमध्ये मात्र रात्रीचा धपाटा बाहेर ठेवू नका, इथलं ऊन माहीतच आहे, फ्रीजमध्येच ठेवा.

ज्यांच्या घरी चालतं त्यांनी दोन अंडी रात्रीच उकडून सालासकट फ्रीजमध्ये ठेवावी, एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रोटीन, सकाळी सोलून मीठ-मिरपूड, यापेक्षा सोपं काही नाही.

आणि अगदीच उशीर झाला, पोरगं बूट घालत दारात उभं, तेव्हा ज्वारीच्या लाह्यांचं पीठ. नागपंचमीला लाह्या फोडतो ना, तशाच जास्तीच्या फोडून दळून ठेवते. दोन-तीन चमचे पीठ, गूळ, दूध, झाकणाच्या बाटलीत घालून हलवायचं, झालं. गोड नको असलं तर ताक-मीठ-जिरेपूड. सोबत शेंगदाणा-गुळाचा एक लाडू हातात. मेडिकलमध्ये प्रोटीन पावडरीचे डबे मिळतात ते महाग आहेत, माझ्या मते आपल्या लेकरांना त्याची काही गरज नाही.

पोरींच्या आयांना एक वेगळं सांगायचंय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी जवळपास 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं होतं, म्हणजे आपल्या जिन्यातल्या दहा पोरींत पाच-सहा. तेव्हा जेवणाबरोबर चहा नको, चहानं अन्नातलं लोह अंगी लागायचं कमी होतं. तास-दीड तासानं प्या. उलट लिंबू पिळा, पेरू द्या, त्यानं लोह चांगलं लागतं. आणि पोरगी सारखी थकलेली दिसली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या, नुसतं लाडू-चटणीवर सोडू नका.

आता माझं पोरगं रविवारी स्वतः सुशीला करतं. मीठ कधी जास्त पडतं, पण करतं, पुढं होस्टेलला गेलं तर उपाशी राहायचं नाही.

कूट संपत आलाय, या रविवारी दोन किलो शेंगदाणे भाजायला काढणार आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी सकाळी दहाच्या आत आपापली बरणी घेऊन वर या, भाजायलाही हात लागतील.