आमची वाटचाल : आधी छपाई, मग गाणं

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘स्क्रीन प्रिंटिंग, टी-शर्ट, लग्नपत्रिका’ एवढंच आहे. मागच्या खोलीत आम्ही हलगी आणि कॉम्प्युटर मिळून गाणी बनवतो, पण पाटीवर त्याखाली ‘इलेक्ट्रॉनिक संगीत’ लिहिलं, तर कोल्हापुरात लोक रिपेरीला रेडिओ घेऊन येतील.

आम्ही दोघं कुस्तीच्या तालमीतले दोस्त. माझे वडील बोर्ड रंगवायचे; मी ब्रश सोडून स्क्रीनवर आलो. तो हिशेब बघायचा आणि रात्री कॉम्प्युटरवर बीट बनवायचा. हिंदी सिनेमात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ (बेस) आणि टीआर-८०८ (ताल) या मशीनच्या साथीनं राग वाजवून रेकॉर्ड काढली होती, हे त्यानंच मला ऐकवलं. म्हटलं, आपल्या जन्माआधी हे होऊन गेलंय, मग आपण लाजायचं कशाला?

पहिला ट्रॅक फसला. मशीनचा ठोका मिनिटाला १२० वर लावला आणि हलगीवाल्या काकांच्या कानाला हेडफोन दिला. पण कुस्ती रंगात आली की हलगी चढते, ही त्यांची आयुष्याची सवय. दोन मिनिटांत मशीन मागं, काका पुढं. तिसऱ्यांदा थांबवल्यावर त्यांनी हेडफोन काढून ठेवला. ‘‘तुमच्या मशीनला सांगा, माझ्या मागनं ये म्हणून.’’

तेच केलं. आता हलगी आणि तिच्या साथीची घुमकं, कैताळ ही वाद्यं आधी एकत्र रेकॉर्ड करतो आणि कॉम्प्युटरची लय त्यांच्या ठोक्या-ठोक्याला ओढून बसवतो. किचकट काम आहे. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, मग शेगडीवर हलगी तापवायची आणि गार व्हायच्या आत टेक घ्यायचा.

कव्हर आणि पोस्टर माझ्याकडं. दोनच रंग : आखाड्याच्या मातीचा तांबडा आणि डोळ्यात घुसणारा फ्लोरोसंट हिरवा. पहिल्या पोस्टरात हिरवा मिलिमीटरभर सरकला, पैलवानाच्या कडेनं पांढरी रेघ दिसायला लागली. दोस्त म्हणाला, राहू दे, पैलवान हलल्यासारखा वाटतोय. वडिलांनी चष्मा वर करून बघितलं. ‘‘लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकाला पण हेच सांगणार काय?’’ दोनशे पोस्टरं परत छापली.

पैशाचं म्हणाल तर एका कार्यक्रमाचं मानधन आयोजकाकडून अजून यायचंय. त्या रात्री टेम्पोचं भाडं सुटलं ते टेबलावर विकलेल्या टी-शर्टांवर.

सध्या गणपतीचा सीझन. मंडळांचे टी-शर्ट रेकॉर्डिंगच्या खोलीत सुकायला टांगलेत, माईकसुद्धा दिसत नाही. नवा ट्रॅक दसऱ्यानंतर.