हाउसिंग बेनिफिट कमी झालं, तर आधी पत्र नीट वाचा

ब्रिटनमध्ये हाउसिंग बेनिफिट, किंवा युनिव्हर्सल क्रेडिटमधला घरभाड्याचा भाग, कमी झाल्याचं पत्र आलं की बहुतेक घरांत पहिली कात्री किराण्याला लागते. किराणा नंतर बघू. रक्कम कमी होण्याची कारणं मोजकी आहेत, प्रत्येकाचा उतारा वेगळा आहे आणि काही उताऱ्यांना महिन्याचीच मुदत असते. म्हणून पत्रात कारण काय दिलंय ते आधी शोधा. हाउसिंग बेनिफिटचं पत्र गोलमोल असेल तर कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक पालिकेकडून, लेखी कारणं मागता येतात.

त्याआधी एक इशारा. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेण्यास बंदी) असा शेरा असेल, तर हाउसिंग बेनिफिट, युनिव्हर्सल क्रेडिट आणि कौन्सिल टॅक्स रिडक्शन (कमी उत्पन्नामुळे कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी सवलत) हे तिन्ही त्या बंदीत मोडतात. इमिग्रेशन सल्लागाराशी बोलल्याशिवाय अर्ज करू नका. घरात एकच प्रौढ असेल तर कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी २५ टक्के सूट मात्र बंदीत येत नाही, ती बिनधास्त घ्या.

कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहणाऱ्या, पेन्शनच्या वयाखालच्या भाडेकरूंना बसणारा ओळखीचा फटका म्हणजे 'बेडरूम टॅक्स'. एप्रिल २०१३ पासूनचा हा नियम आहे: एक बेडरूम गरजेपेक्षा जास्त ठरली तर ग्राह्य भाड्याच्या (बेनिफिटसाठी धरल्या जाणाऱ्या भाड्याच्या) १४ टक्के कपात, दोन किंवा अधिक ठरल्या तर २५ टक्के. आठवड्याचं ग्राह्य भाडं ११० पौंड असेल तर एका खोलीपायी आठवड्याला १५.४० पौंड जातात, म्हणजे महिन्याला ६६.७३. दोन खोल्यांपायी महिन्याला ११९.१७. खोल्या मोजायची पद्धत ठरलेली आहे. जोडप्याला एक, १६ पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एक, १६ च्या आतल्या दोन मुलांना किंवा दोन मुलींना मिळून एक, आणि १० च्या आतल्या कोणत्याही दोघांना मिळून एक. म्हणजे भाऊ-बहीण एका खोलीत धरले असतील, तर त्यांतल्या मोठ्याच्या दहाव्या वाढदिवशी हिशोब बदलतो. कौन्सिल स्वतःहून दखल घेईल या भरवशावर राहू नका. फायद्याचा बदल महिन्याच्या आत कळवला तर वाढीव रक्कम बदलाच्या तारखेपासून धरतात. उशीर झाला तर कळवलं त्या दिवसापासून.

रात्री मुक्कामाला राहणारा केअरर, अपंगत्वामुळे खोली वाटून घेता न येणारं मूल, आणि एप्रिल २०१७ पासून त्याच कारणाने एका खोलीत झोपू न शकणारं जोडपं, यांच्यासाठी जादा खोली मान्य होते. त्यासाठी डॉक्टरांचं नुसतं 'आजार आहे' असं पत्र पुरत नाही. रात्री नेमकं काय होतं, कितीदा उठावं लागतं, यंत्र किंवा उपकरणं कुठे ठेवावी लागतात, हे त्यात हवं. खोलीत एका माणसाचा पलंगही धड मावत नसेल तर ती बेडरूमच नाही, असाही दावा अपिलात करता येतो; सोबत मापं आणि फोटो द्या. स्कॉटलंडमध्ये ही बेडरूम टॅक्सची कपात 'डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट'मधून, म्हणजे भाड्यासाठी कौन्सिल देते त्या जादा मदतीतून, भरून काढली जाते.

खाजगी भाडेकरूंचं गणित वेगळं. तिथे 'लोकल हाउसिंग अलाउन्स', म्हणजे भागानुसार ठरलेला भाड्याचा दर, ही मदतीची वरची मर्यादा. हे दर २०११ पासून भागातल्या स्वस्तातल्या ३० टक्के घरांच्या भाड्यावर बेतायचं ठरलं, पण मधली कित्येक वर्षं ते गोठवून ठेवले. एप्रिल २०२४ मध्ये वाढवले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा गोठवले. भाडी काही गोठत नाहीत, त्यामुळे दरवर्षी दरी रुंदावते. दरावर अपील चालत नाही, पण तुम्हाला किती खोल्यांचा दर लावला यावर चालतं. ३५ च्या आतल्या एकट्या व्यक्तीला सामायिक घरातल्या खोलीचाच दर मिळतो. मात्र २५ च्या आतले केअर लीव्हर (लहानपणी सरकारी देखभालीत वाढलेले) किंवा पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या अपंगत्वाच्या भत्त्याचा डेली लिव्हिंग भाग मिळणारे यांना या नियमातून सूट आहे.

तिसरं कारण बेनिफिट कॅप, म्हणजे भत्त्यांच्या एकूण रकमेवरची मर्यादा. एप्रिल २०२३ पासून कुटुंबासाठी लंडनमध्ये वर्षाला २५,३२३ पौंड आणि इतरत्र २२,०२० पौंड ही मर्यादा आहे. त्यावरची रक्कम हाउसिंग बेनिफिटमधून कापतात, अगदी आठवड्याला ५० पेन्स उरेपर्यंत. ते ५० पेन्स चेष्टा वाटतील, पण सोडू नका: हाउसिंग बेनिफिट चालू असेल तरच डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंटसारख्या जादा मदतीचा अर्ज करता येतो. तुम्हाला, जोडीदाराला किंवा अगदी १८ च्या आतल्या मुलालासुद्धा अपंगत्वाचा भत्ता सुरू झाला, किंवा तुम्हाला वा जोडीदाराला केअरर्स अलाउन्स (दुसऱ्याची काळजी घेणाऱ्याचा भत्ता) मिळाला, तर साधारणपणे कॅप उठते. युनिव्हर्सल क्रेडिटवर असाल तर किमान वेतनाने आठवड्याला १६ तास कामाइतकी कमाई झाली तरी उठते.

चौथं कारण घरातल्या घरात असतं: मुलगा किंवा मुलगी १८ ची झाली, किंवा सासूबाई राहायला आल्या. हाउसिंग बेनिफिटमध्ये अशा प्रत्येक 'नॉन-डिपेंडंट'मागे त्याच्या कमाईनुसार कपात होते, आणि कमाईचा पुरावा दिला नाही तर कौन्सिल सरळ सर्वांत मोठी कपात लावते. पगाराच्या चिठ्ठ्या दिल्या की रक्कम खाली येते. अर्जदाराला किंवा जोडीदाराला पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटचा डेली लिव्हिंग भाग किंवा अटेंडन्स अलाउन्स (पेन्शनच्या वयातल्यांचा अपंगत्वाचा भत्ता) मिळत असेल तर ही कपात होतच नाही.

निर्णय चुकला असं वाटलं तर मुदत एक महिन्याची. हाउसिंग बेनिफिटसाठी कौन्सिलकडे फेरविचार किंवा थेट अपील मागता येतं. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये आधी 'मँडेटरी रिकन्सिडरेशन' (सक्तीचा फेरविचार), मग ट्रायब्यूनल, म्हणजे अपील ऐकणारं न्यायाधिकरण. फोनवर बोलणं झालं तरी लेखी पाठवा आणि प्रत ठेवा.

निर्णय बरोबर असेल तर वळा डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंटकडे. अर्ज कौन्सिलकडे करायचा. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२६ पासून ही मदत 'क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड'मध्ये सामावली आहे, तेव्हा कौन्सिलच्या वेबसाइटवर त्या नावाने शोधा. हा हक्क नव्हे, मर्जीतली मदत आहे. म्हणून अर्ज कसा भरला यावर बरंच ठरतं. लोक इथे हमखास लाजेपोटी खर्च कमी दाखवतात: जेवण जेमतेम, कपडे शून्य, शाळेचा गणवेश विसरलेला. कागदावर महिनाअखेर पैसे उरताना दिसले की अर्ज नाकारायला कौन्सिलला आयतं कारण मिळतं. सगळे आकडे महिन्याचे करा. आठवड्याच्या रकमेला ५२ ने गुणून १२ ने भागायचं. गाडीचा विमा, टीव्ही लायसन्स, गणवेश असे वार्षिक खर्च १२ ने भागून घाला. बँक स्टेटमेंटमध्ये दिसणारा पण विचित्र वाटेल असा खर्च असेल तर शेजारी एक ओळ खुलासा लिहा. आणि मदत संपल्यावर काय करणार ते सांगा: घर बदलण्याची यादी, कामाचे तास वाढवणं, मूल १० चं होईपर्यंतचे महिने. मंजुरी बहुधा ठरावीक महिन्यांची असते. संपायच्या आधीच पुढचा अर्ज टाका.

१४ टक्के वाचवायला कौन्सिलचं घर सोडून खाजगी घरात जाणं आमच्या मते बहुतेकदा आतबट्ट्याचं. भाडं जास्त, कायम राहण्याची हमी कमी. त्यापेक्षा घरांची अदलाबदल बघा. भाडेकरूंची आपसांत गाठ घालून देणाऱ्या होमस्वॅपरसारख्या सेवा त्यासाठीच आहेत. भाड्याची थकबाकी असेल तर अदलाबदल अडते, त्यामुळे आधी ती आवरा. खोली भाड्याने देणं हाही मार्ग, पण नियम दोन तऱ्हांचे: हाउसिंग बेनिफिटमध्ये पोटभाडेकरूची खोली भरलेली धरतात, मात्र भाड्यातले आठवड्याचे फक्त २० पौंड सोडून बाकीचं उत्पन्नात धरतात. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ते भाडं सोडून देतात, पण खोली रिकामीच मोजतात. करारनामा आणि घराचा विमा आधी तपासा.

आता घरखर्च. भाडं, कौन्सिल टॅक्स, वीज आणि गॅस हे आधी; क्रेडिट कार्ड आणि कॅटलॉगचे हप्ते नंतर, मग समोरचा फोनवर कितीही आवाज चढवो. हप्ता चुकला तर कार्डवाला पत्रं पाठवतो, घरमालक घर काढून घेतो. आठवड्याच्या भाड्याला ४ ने गुणून महिना धरणं ही नेहमीची चूक. ११० पौंडांचे ४४० होतात, खरे लागतात ४७६.६७, दर महिन्याला ३६.६७ ची थकबाकी कोणाच्याही लक्षात न येता साचते. भाड्यासाठी ओव्हरड्राफ्ट नसलेलं वेगळं खातं ठेवा आणि बेनिफिट जमा होण्याच्या दुसऱ्या दिवसाची स्टँडिंग ऑर्डर लावा. कौन्सिल टॅक्स रिडक्शनचा अर्ज वेगळा करावा लागतो. टॅक्स १० ऐवजी १२ हप्त्यांत मागून घ्या. पाणी कंपनी आणि ब्रॉडबँड कंपनीकडे सोशल टॅरिफ (कमी उत्पन्नवाल्यांचा सवलतीचा दर) विचारा, विजेच्या बिलात १५० पौंडांची 'वॉर्म होम डिस्काउंट' ही सवलत लागली का ते बघा.

थकबाकी झालीच तर घरमालकाला झेपेल तेवढाच हप्ता सांगा. २० पौंड कबूल करून दुसऱ्या महिन्यात मोडण्यापेक्षा ५ पौंड नियमित भरलेले कोर्टात जास्त वजनदार ठरतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये कर्ज सल्लागारामार्फत 'ब्रीदिंग स्पेस' घेतली तर ६० दिवस वसुली थांबते, पण चालू भाडं भरत राहावंच लागतं. ताबा मागणारी नोटीस किंवा कोर्टाचं पत्र आलं तर शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांना लगेच गाठा. सुनावणीला गैरहजर राहू नका: इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या दिवशी कोर्टात मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. भाड्याचा खातेउतारा, बेनिफिटची पत्रं, खर्चाचा तक्ता आणि शेवटचे भरलेले हप्ते सोबत न्या, आणि वकिलाशी बोलायला वेळ मिळावा म्हणून सुनावणीच्या तासभर आधी पोहोचा.